मामा कोणी कोणाला बनवलं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोन-तीन लेख अर्धवट लिहून तसेच पडलेत, पण आजचा विषय गेली तीन-चार वर्षं डोक्यात घोळतोय. दर वेळी "नको, ताई वाचेल" म्हणून मागे ठेवत आलो. या खेपेला सरळ ताईलाच फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "लिही की. माझ्या लेकाचं नाव तेवढं घालू नकोस, आणि स्वतःला फार शहाणा ठरवू नकोस." दोन्ही अटी मान्य. तेव्हा इथे त्याचं नाव 'भाचेबुवा'.

निमित्त परवाचं. रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, आणि मी पेपर तोंडावर घेऊन आडवा होण्याच्या बेतात. तेवढ्यात बायको आतून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जरा बघ तुझी लेक काय करतेय ते. तू बोल तिच्याशी काहीतरी."

(लेकीने चांगलं काही केलं की ती 'आपली' असते. असो.)

गेलो. लेक आठवीत आहे. समोर गणिताची वही, बाजूला टॅब. 'एकचल समीकरणे' या प्रकरणातल्या उदाहरणाचा तिने फोटो काढला होता, टॅबवर त्या एआयने पायऱ्या-पायऱ्यांनी अख्खं उत्तर सुबक मांडून दिलं होतं, आणि बाईसाहेब ते वळणदार अक्षरात वहीत उतरवत होत्या. मधेच एक गाणंही गुणगुणत होत्या. गणित करताना मला कधी गाणं सुचल्याचं आठवत नाही.

मी घसा खाकरला. 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारं भाषण ओठांवर तयारच होतं. पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बाबा, तू पण दादाला असंच करून द्यायचास ना? डायनिंग टेबलवर बसून, कागदावर लिहून, मग फोटो काढून?"

माझं भाषण तिथेच संपलं. तेव्हा ही तिसरीत होती हो! मुलं काय काय लक्षात ठेवतील याचा नेम नाही.

तर, 'दादा' म्हणजे आमचे भाचेबुवा. गोष्ट २०२०ची.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या हे वेगळं सांगायला नको. ताईचं घर देवरुखच्या जवळ एका वाडीत. भावोजींचं किराणा दुकान. भाचेबुवा जूनमध्ये नववीत गेले, म्हणजे घरातल्या घरातच गेले. घरात स्मार्टफोन एक, तो भावोजींचा. सकाळभर तो दुकानात. दुपारी भावोजी जेवायला आले की फोन भाचेबुवांच्या हातात यायचा. रेंज माडीवरच्या एकाच खिडकीत. तीसुद्धा पाऊस जोराचा नसेल तर. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस जोराचा नसण्याची शक्यता किती, हा संभाव्यतेच्या प्रकरणातला प्रश्न होऊ शकेल.

शाळेतले सर व्हिडिओवर तास घ्यायचे. आमच्या भाचेबुवांना त्यात सरांचा एक स्थिर फोटो आणि तुटक आवाज एवढंच मिळायचं. "समीक.. बाजू.. म्हणजे.. कळलं का?" काय कळणार? मग ग्रुपवर गृहपाठ पडायचा आणि सोडवलेल्या वहीचा फोटो रात्री आठपर्यंत पाठवायचा असायचा.

एका संध्याकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली लिहिलेलं, 'मामा हे कसं करायचं'.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इथे पुण्यात कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही कोंडून घेतलेलं, ताईची भेट नाही, कोणाचा कोणाला उपयोग नाही. आणि अचानक माझा उपयोग होता! गणित हा तर माझा जुना आवडता विषय. दोन मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत मी कागद घेतला, गणित सोडवलं, फोटो काढला, पाठवलं. पलीकडून लगेच अंगठा. मग हृदय. मग 'मामा तू भारी आहेस'.

दुसऱ्या दिवशी दोन गणितं आली. तिसऱ्या दिवशी पाच.

ताईचा फोन, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ." आता यावर कोणता भाऊ फुगणार नाही? मी ऑफिसात कधी घातली नसेल एवढी शिस्त या कामाला घातली. एक वेगळी वही, एक निळं पेन, आणि सोडवता सोडवता बाजूला माझी चुरचुरीत टिप्पणी. 'इथे जरा सोपं करून घेऊ', 'आता बघ गंमत', असलं काही. आपण किती छान शिकवतो याचं मला स्वतःलाच कौतुक वाटायचं.

ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. परवा लेकीने विषय काढल्यावर रात्री बसून मोजले. नववी-दहावी मिळून चारशे बारा.

त्या चारशे बारांत भूमितीचे मात्र जेमतेम तीस आहेत. कारण साधं आहे, मला आकृत्या काढायचा कंटाळा. कंपासपेटी लेकीची, तिच्यातल्या कर्कटकाला पेन्सिलच नसायची. भाचेबुवा दहावीत गेल्यावर 'वर्तुळ' प्रकरण सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात मी हात टेकले. त्याला सांगितलं, "हे बघ, जिओजेब्रा नावाचं एक ॲप आहे, फुकट आहे. एकदा उतरवून घेतलंस की नेट लागत नाही. त्यात तूच आकृती काढ आणि बघ काय होतं ते." ऑस्ट्रियातल्या झाल्त्सबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने २००१ साली ते बनवायला घेतलं होतं, वगैरे माहितीही वर फेकली. थोडक्यात काय, मी सुटका करून घेतली.

दोन दिवसांनी त्याचा फोन. मेसेज नाही, फोन. बाहेर ऑगस्टचा पाऊस कोसळत होता, तो खिडकीतून ओरडत होता.

"मामा, वर्तुळात एक जीवा काढली. मग वर्तुळावर एक बिंदू घेतला आणि जीवेच्या दोन्ही टोकांना जोडला. कोन आला चाळीस. आता तो बिंदू बोटाने सरकवतोय तर कोन बदलतच नाही! कुठेही नेला तरी चाळीसच!"

"मग? पुस्तकात दिलंय की ते, एकाच कंसातले अंतर्लिखित कोन.."

"हो रे, पण पुढे ऐक ना. जीवेच्या पलीकडे नेला की एकदम एकशेचाळीस होतो. आणि मग तिकडे कुठेही नेला तरी एकशेचाळीसच."

"बेरीज कर दोघांची."

क्षणभर नुसता पावसाचा आवाज. मग एकदम, "एकशेऐंशी! अरे, म्हणजे ते चक्रीय चौकोनाचं प्रमेय हेच का?"

हेच. सिद्धता बाकी होती, पण ती कशासाठी करायची हे आता त्याला ठाऊक होतं. मी "शाब्बास" म्हटलं आणि पुढच्या मीटिंगला गेलो. त्या संध्याकाळी काय घडलं होतं हे कळायला मला पुढे वर्ष लागलं.

४ ऑक्टोबर २०२१ला शाळा उघडल्या आणि दिवाळीला आम्ही पावणेदोन वर्षांनी देवरुखला गेलो. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि मी थाटात म्हटलं, "काय भाचेबुवा, दहावी आली चार महिन्यांवर. दाखवा वही."

वही सुरेख होती. प्रत्येक गणित पूर्ण, समासात तारीख. मी कौतुकाने पानं उलटत गेलो. एका पानावर थबकलो. बीजगणिताच्या एका उदाहरणात चौथ्या ओळीनंतर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'आता बघ गंमत'.

आणखी पुढे एका ठिकाणी सात लिहून त्यावर काट मारून बाजूला नऊ केले होते. ती चूक माझी होती. माझी चूक, माझी काट आणि माझी दुरुस्ती, तिन्ही त्याने प्रामाणिकपणे उतरवली होती. पानाच्या खाली तपासल्याची खूण होती. सरांचा तरी काय दोष? दीडशे मुलांचे रोजचे फोटो ते बिचारे कोणत्या डोळ्यांनी बघणार!

मी हसलो. सगळेच हसले. पण पोटात कुठेतरी खड्डा पडला होता.

मग मी सहज घातल्यासारखं एक गणित घातलं. "वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते चौपट होतं. तर आज दोघांची वयं किती?" मुद्दाम तेच निवडलं, कारण उत्तर त्या खोलीतच होतं. भाचेबुवा पंधरा, भावोजी पंचेचाळीस.

त्याने कागद घेतला. वर ठळक लिहिलं, 'समजा'. आणि थांबला.

मी वाट पाहिली. त्याने 'समजा'खाली एक रेघ ओढली. मग दुसरी. मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्याचा हात नकळत बाजूला पडलेल्या फोनकडे गेला. फोटो काढून पाठवायला. पण कोणाला पाठवणार? मी तर समोरच बसलो होतो!

मराठीत 'मामा बनवणे' म्हणजे फसवणे. अख्ख्या नात्यागोत्यात हा मान मामालाच का मिळाला देव जाणे. बहुधा मामाला फसवणं सगळ्यात सोपं असावं, तो आधीच लाडाने पाघळलेला असतो. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार तोच आला, की भाच्याने मला दीड वर्षं मामा बनवलं. माझ्याकडून गणितं सोडवून घेतली आणि उतरवून मोकळा झाला. रात्री माडीवर पडल्या पडल्या मात्र हे गणित उलटं दिसायला लागलं. त्याच्याकडे शाळेने मागितली होती भरलेली वही, रात्री आठच्या आत. त्याने ती दिली. त्याने मला विचारलं होतं 'कसं करायचं'. मी त्याला दर वेळी 'काय आलं' ते सांगत होतो. कारण 'कसं' सांगायला एक तास लागतो आणि उत्तर पाठवायला दहा मिनिटं. वर त्या दहा मिनिटांसाठी हृदयं मिळत होती.

कोणी कोणाला मामा बनवलं मग?

तिथेच पडल्या पडल्या आमचे गणिताचे सर आठवले. आमच्या वेळी (आलं बघा भाषण!) फोन नव्हते, पण उत्तरं होतीच की. गाइडं होती, सोडवलेले प्रश्नसंच होते. बाकीचे सर गाइड दिसलं की जप्त करायचे. आमचे सर करायचे नाहीत. ते म्हणायचे, "गाइडाचा राग नाही. गाइडावर कार्ड ठेवा." कार्ड म्हणजे पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. गाइडातलं सोडवलेलं उदाहरण उघडायचं आणि त्यावर पोस्टकार्ड आडवं ठेवून सगळं झाकायचं. स्वतः सुरुवात करायची. अडलं, खरंच अडलं, की कार्ड एक ओळ खाली सरकवायचं. एकच ओळ. पुन्हा झाकायचं आणि पुन्हा स्वतः. सर वह्या तपासताना विचारायचे, "किती ओळी सरकवलंस?" कोणी "चार" म्हणालं तरी रागवायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात तीन झाल्या की पाठीवर थाप.

मी अख्खी दहावी त्या पोस्टकार्डावर काढली, आणि भाच्याला मात्र कार्डाशिवायचं गाइड झालो.

पुण्याला परतल्यावर मी शहाणपणा सुरू केला. त्याने गणित पाठवलं की मी फक्त एक ओळ पाठवायचो. कधी नुसता प्रश्न, 'काय काढायचंय? त्यालाच एक्स मान.' आता विचार करा, दहावीचं वर्ष, परीक्षा चार महिन्यांवर, दीड वर्षं आयतं मिळालेलं ताट, आणि अचानक मामा म्हणतो तांदूळ निवड! तो वैतागला. "मामा, उत्तर तुला माहितीये, तरी का सांगत नाहीस?" मग त्याने पाठवणंच बंद केलं. जानेवारीत ताईचा फोन आला. आवाज थंड. "तुला वेळ नसेल तर सरळ सांग रे. पोरगं रडकुंडीला आलंय." मी समजवायला गेलो, तर ती म्हणाली, "हे सगळं आधी का नाही सुचलं तुला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या महिन्याभरात आम्ही भावंडं एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

२०२२ची दहावी आठवत असेल तुम्हाला. आदल्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. वर्गातल्या आणि अंतर्गत गुणांवर निकाल लावला होता आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली होती. २०२२ला मात्र १५ मार्चपासून लेखी परीक्षा झाली. अभ्यासक्रम २५ टक्के कमी, ज्याच्या त्याच्या शाळेतच केंद्र, आणि चाळीस गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं जास्त. १७ जूनला निकाल लागला. राज्याचा ९६.९४ टक्के, आणि कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला.

भाचेबुवांना गणितात ६६. वाईट नाहीत, पण त्याला सरकारी तंत्रनिकेतनात संगणकाच्या डिप्लोमाला जायचं होतं. ते प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेजची फी भावोजींच्या आवाक्याबाहेर होती. मी देऊ केली, भावोजींनी हात जोडून नाही म्हटलं.

गुणपत्रिकेवर गणिताचे दोन्ही भाग एकत्र दिसतात. "कुठे गेले मार्क?" म्हणून ताईने बोर्डाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकांची छायाप्रत मागवली आणि मला पाठवली. भूमितीत चाळीसपैकी एकतीस. बीजगणितात सतरा. अंतर्गत अठरा.

भूमितीचा पेपर वाचताना चक्रीय चौकोनाच्या प्रश्नापाशी मला पावसातला तो आवाज आठवला. उत्तर त्याच्या स्वतःच्या भाषेत होतं. पुस्तकातल्यासारखं नव्हतं, पण बरोबर होतं. मग बीजगणिताचा पेपर उघडला. सरळ सूत्रात घालायची गणितं बरी होती. शाब्दिक उदाहरणं आली, आणि दोन पानांवर, दोन वेगवेगळ्या प्रश्नांखाली, एकेकच शब्द होता.

'समजा'.

पुढे पान कोरं.

फोनवरून पाठवलेल्या त्या फोटोतलं कोरं पान मी किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. मुलगा तोच होता, फोन तोच होता, माडीवरची खिडकी तीच, आणि मामाही तोच. एका विषयात फोनने त्याच्या हातात एक बिंदू दिला होता, जो तो स्वतः सरकवत होता. दुसऱ्या विषयात त्याच फोनवरून त्याला सगळं सरकवून झालेलं मिळत होतं. म्हणून 'मोबाइलने पोरं बिघडली' किंवा 'मोबाइलने शिक्षण घरोघर गेलं' असं कोणी छातीठोकपणे म्हणायला लागलं, की मला या दोन उत्तरपत्रिका आठवतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि दोन्ही अर्धी.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालाने २०२३ साली २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी केली. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि साधारण तेवढ्यांनाच तो वापरता येत होता. त्याच पाहणीत तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. हे आकडे वाचून लोक हळहळले. मला त्यात माडीवरची खिडकी दिसली. फोन पोचला होता. पण त्या फोनच्या पलीकडे कोण बसलंय आणि ते काय पाठवतंय, तो प्रश्न तसाच होता.

दुसरी गोष्ट सलमान खानची. (आपल्या नव्हे, खान अकॅडमीवाल्या!) हीसुद्धा एका नात्यातल्या शिकवणीचीच गोष्ट आहे. २००४ साली हा बॉस्टनमध्ये नोकरी करत होता आणि न्यू ऑर्लिन्समधली त्याची नात्यातली बहीण नादिया एककांच्या रूपांतरात अडली होती. तो तिला फोनवरून आणि याहूच्या एका चित्रफळ्यावरून शिकवायला लागला. दोघं मैलोन्‌मैल दूर, आमच्यासारखीच. पण ती फोनवर होती, म्हणजे ती नेमकी कुठे अडते ते त्याला ऐकू येत होतं. पुढे २००६ मध्ये त्याने व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, तर बाकीची भावंडं म्हणाली की प्रत्यक्षापेक्षा तू यूट्यूबवरच बरा. कारण तिथे त्याला थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि पाचव्यांदा विचारायची लाज वाटत नाही. त्याच्याकडे माझ्याहून काही फार वेगळी साधनं नव्हती. उलट माझ्याकडे २०२०चा फोन होता. पण ताबा त्यांच्या हातात होता. आमच्याकडे तो माझ्या हातात होता.

आणि तिसरी गोष्ट तर मला माझ्यावरच लिहिल्यासारखी वाटली. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर प्रयोग केला. गणिताच्या सरावाला काही मुलांना नुसतीच वह्या-पुस्तकं दिली, काहींना साधा चॅटबॉट, आणि काहींना असा चॅटबॉट की जो उत्तर न सांगता फक्त पुढचा इशारा देईल. सरावात साध्या चॅटबॉटवाली मुलं वह्या-पुस्तकंवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली, इशारेवाली तर १२७ टक्क्यांनी. मग सगळ्यांचं सगळं काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटची सवय लागलेली मुलं, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षाही १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांचं नुकसान झालं, त्यांना ते जाणवलंच नव्हतं.

वही भरलेली होती ना! कसं जाणवणार?

चॅटजीपीटी यायच्या अडीच वर्षं आधी कोथरूडात डायनिंग टेबलावर एक साधा चॅटबॉट बसून होता, एवढंच मला म्हणायचंय. आणि इशाऱ्याचं तंत्र देवरुखच्या एका सरांकडे पंधरा पैशांत होतं.

निकालानंतर मी देवरुखला गेलो तेव्हा भाचेबुवांना घेऊन कातळावर फिरायला गेलो. म्हटलं, "माझं चुकलं रे." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुझं काय? मीच मागत होतो." चार पावलं पुढे जाऊन थांबला. "पण तू देत होतास, हेही खरंच."

अकरावी सायन्सला त्याने देवरुखलाच प्रवेश घेतला. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी सकाळी तासभर आमचा फोन असायचा. फोटो नाही, व्हिडिओ नाही. नुसता आवाज. तो गणित वाचायचा, काय करतोय ते बोलत बोलत करायचा. मला दिसत नसल्यामुळे त्याला सांगावंच लागायचं. तो अडला की मी इकडे जीभ चावून गप्प बसायचो. ते किती कठीण आहे हे तुम्ही करून बघितल्याशिवाय कळणार नाही! सुरुवातीला काही रविवार एका तासात एकच गणित झालं. बारावीपर्यंत असे रविवार यायला लागले की मला बोलायलाच काही उरायचं नाही. आता तो रत्नागिरीला संगणकशास्त्रात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआय तोही वापरतो, भरपूर वापरतो. पण आधी त्याला मराठीतून दम देतो, 'पुढची एकच ओळ सांग, उत्तर सांगू नकोस.' मला हे कळलं तेव्हा सरांना फोन करून सांगावंसं वाटलं. सर आता नाहीत.

तर परवाचा रविवार. लेकीच्या खोलीत मी तसाच उभा. भाषण संपलेलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला वरची सगळी गोष्ट सांगितली, 'समजा'सकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता हे खोडू?"

"नको. पुढचं बघू."

घरात पोस्टकार्ड कुठलं सापडायला? कपाटात कोणाची तरी लग्नपत्रिका होती, ती टॅबवर आडवी ठेवली. तिने थोडा वेळ प्रयत्न केला, मग पत्रिका सरकवायचा हात आवरला आणि म्हणाली, "मी दादालाच विचारते." फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"दादा, मला एक गणित येत नाहीये."

"कुठे अडलीस?"

"पहिल्याच ओळीवर."

"मग 'समजा' लिही."

"लिहिलंय."

"शाब्बास. आता काय समजायचं ते तू ठरव. मी आहे फोनवर."

मी पेपर उचलला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. बायकोने भुवयांनीच विचारलं, बोललास का? मी मान हलवली. आतून बराच वेळ काहीच आवाज येत नव्हता. दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं.

आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.